मोठ्याच्या पोटांत लहान

(नभोवाणीवरील भाषण)



शाळेंत मुलांना पत्र लिहावयास शिकवितांना मजकुरापेक्षां पत्त्यावरच माझा अधिक वेळ जात असे. मुलें नांव लिहीत, गांव लिहीत आणि थांबत. "एवढ्यानें पत्र पोंचेल का?" असें विचारलें म्हणजे मग तालुका येई, जिल्हा येई, राज्य येई. मुक्काम हिवरे बाजार, तालुका नगर, जिल्हा अहमदनगर (२०२४ सालापासून अहिल्यानगर), राज्य महाराष्ट्र. स्वयंपाकघरांत एकांत एक बसणारे डबे असतात, त्याप्रमाणें घर गांवाच्या पोटांत, गांव तालुक्याच्या पोटांत, तालुका जिल्ह्याच्या आणि जिल्हा राज्याच्या. लहानास मोठ्याच्या आंत बसविल्यावांचून आपल्याला साधें पत्रहि पाठवितां येत नाहीं. ही एकांत एक बसविण्याची कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे, तिनें लहानाचें भलें केव्हां झालें आणि त्याचा जीव केव्हां गुदमरला, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठीं वर ज्याचा पत्ता सांगितला तेंच गांव मीं डोळ्यांपुढें ठेवलें आहे.

मराठी दप्तरांतील जुनें वतनपत्र किंवा महजर पाहिला तर त्यांत गांवाचें नांव एकटें क्वचितच आढळतें. 'मौजे अमुक, तर्फ अमुक, परगणे अमुक' अशी ओळ येते, आणि पुष्कळदां तिच्यापुढें सरकार व सुभा यांचींहि नांवें येतात. वाडी गांवाच्या अंगाला, गांव तर्फेंत, तर्फ परगण्यांत, परगणा सरकारांत आणि सरकार सुभ्यांत. गांवाला पाटील-कुळकर्णी, परगण्याला देशमुख-देशपांडे, त्यांच्यावर सुभेदार. तंट्याचा मार्गहि याच पायऱ्यांनीं वर चढे. वतनाचा किंवा शिवेचा वाद आधीं गांवच्या गोतासमोर, तेथें न मिटल्यास परगण्याच्या गोतासमोर, आणि अखेरीस राजदरबारीं. म्हणजे पत्ता हा केवळ ठावठिकाणा नव्हता. दाद मागण्याची वाटहि त्यांतच सांगितलेली असे.

या डब्यांपैकीं बाहेरचे डबे मात्र वरचेवर बदलले. १४९० सालीं मलिक अहमदानें निजामशाही स्थापिली. १६०० सालीं मोंगलांनीं नगरचा किल्ला घेतला. १६३६ सालीं निजामशाही अस्त पावली. १७५९ सालीं तो किल्ला पेशव्यांकडे आला. १८०३ सालीं जनरल वेलस्लीनें तो जिंकला. आणि १८१८ सालीं पेशवाई बुडून इंग्रजी अंमल सुरू झाला. इंग्रजांनीं केलेला नगर जिल्हा तरी स्थिर कोठें होता? आज ज्यास आपण नाशिक जिल्हा म्हणतों त्याचा मोठा भाग १८६९ पर्यंत नगरच्याच पोटांत होता. इतकीं स्थित्यंतरें झालीं, पण आंतील गांव आपल्या पाटील-कुळकर्ण्यांसह जागच्या जागीं राहिलें. १८१९ च्या आपल्या अहवालांत एल्फिन्स्टनसाहेबानें याच गोष्टीचें आश्चर्य व्यक्त केलें. दख्खनचें गांव म्हणजे राज्याची लहानशी प्रतिकृतीच होय, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता.

हें वर्णन वाचून आपली छाती फुगते. परंतु तें अर्धेंच सत्य आहे. गांव राज्याच्या पोटांत होतें. पण गांवाच्या पोटांत कोण होतें आणि कोण नव्हतें? महारवाडा आणि मांगवाडा वेशीबाहेर होता. गांवच्या कामाला ज्यांना सर्वांत आधीं हांक मारीत, त्यांना गांवच्या पाणवठ्यावर मुळींच जागा नव्हती. प्रतिकृति हुबेहूब होती हें खरें. राज्यांतला अन्यायहि तींत जसाच्या तसा उतरला होता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रश्नाचा दोन थोर पुरुषांनीं दोन बाजूंनीं विचार केला. १९४६ च्या जुलै महिन्यांत गांधीजींनीं 'हरिजन' पत्रांत आपल्या कल्पनेंतील समाजरचना मांडली. ती मनोऱ्यासारखी नसावी, पाण्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखी असावी. मध्यभागीं व्यक्ति, तिच्याभोंवतीं गांव, गांवाभोंवतीं गांवांचा समूह. आणि बाहेरच्या वर्तुळानें आंतल्याला चिरडूं नये, बळ द्यावें, असें त्यांचें म्हणणें होतें. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं डॉ. आंबेडकर घटना समितींत बोलले, तेव्हां त्यांनीं खेड्यांतील संकुचित वृत्तीवर कठोर टीका केली आणि घटनेच्या मसुद्यानें खेड्याऐवजीं व्यक्ति हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केलें. मोठें वर्तुळ लहानास चिरडूं शकतें, ही गांधीजींची चिंता. गांव हेंहि आपल्या आंतील माणसापुढें मोठेंच वर्तुळ आहे, ही डॉ. आंबेडकरांनीं दिलेली आठवण. पुढें जें सांगावयाचें आहे त्यासाठीं या दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवाव्या लागतील.

आतां दुसऱ्या एका पत्त्याकडे वळूं. मौजे, तर्फ, परगणा ह्या पायऱ्या माणसानें घातल्या. पाण्यानेंहि आपल्या पायऱ्या घातल्या आहेत, आणि त्या फार जुन्या आहेत. डोंगरमाथ्यावर पडलेलें पाणी घळींत उतरतें, घळ ओढ्यास मिळते, ओढा नदीस आणि लहान नदी मोठ्या नदीस. जेवढ्या जमिनीवरचें पाणी वाहत येऊन एका ठिकाणीं जमतें, तेवढें त्या ठिकाणाचें पाणलोट क्षेत्र. घळीचें पाणलोट ओढ्याच्या पाणलोटांत आणि ओढ्याचें नदीच्या खोऱ्यांत सामावलेलें असतें. नगर जिल्ह्याच्या नकाशावर तर हें बोट ठेवून दाखवितां येतें. उत्तर भागाचें पाणी प्रवरा व मुळा यांच्या वाटेनें गोदावरीस जातें. दक्षिण भागाचें पाणी घोड व सीना यांच्या वाटेनें भीमेस आणि भीमेबरोबर कृष्णेस. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनें सबंध महाराष्ट्राचीं सुमारें पंधराशें पाणलोट क्षेत्रें पाडलीं आहेत, आणि प्रत्येकाच्या क्रमांकाआधीं मोठ्या खोऱ्याच्या नांवाचीं आद्याक्षरें लाविलीं आहेत. म्हणजे पाण्याचाहि पत्ता लिहिला जातो. अडचण एवढीच कीं, तो आपल्या टपालाच्या पत्त्याशीं जुळत नाहीं. तालुक्याची हद्द ओढ्याला मधोमध कापून जाते, आणि पावसाचा थेंब तालुका विचारून वाहत नाहीं.

पाण्याच्या या पायऱ्यांपैकीं सरकारची दृष्टि प्रथम मोठ्या नदीवर गेली. १९२६ सालीं प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. त्याच्या कालव्यांखालची जमीन उसानें हिरवी झाली, आणि १९५० च्या सुमारास लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या कामाचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. पण नदीपासून दूर, उंच मुरमाड माळावर वसलेल्या गांवांपर्यंत कालव्याचें पाणी चढणार कसें? त्यांनीं आपल्याच पायरीवर काम केलें पाहिजे होतें. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत हें सांगून ठेवलें होतें. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पावसाचें पाणी शेतांत मुरवावें आणि वाहून जाणारी माती अडवावी, अशी त्यांची सूचना होती. ती मनावर घ्यावयास आपल्याला जवळजवळ नव्वद वर्षें आणि १९७२ चा दुष्काळ लागला. त्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांत पाणी पंचायत उभारली, आणि पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धींत १९७५ पासून अण्णा हजारे यांनीं पाणलोटाच्या कामास हात घातला.

राळेगणाप्रमाणेंच हिवरे बाजार हेंहि कालव्याचें पाणी न चढणारें, डोंगरांच्या कुशींतलें गांव. शिवार सुमारें ९७६ हेक्टर, आणि पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ नंतर या गांवाची घडी विस्कटली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, तरुण माणसें कामासाठीं शहरांकडे गेलीं, आणि जीं मागें राहिलीं त्यांच्यांत दारू व भांडणें वाढलीं. १९९५ सालीं १८० कुटुंबांपैकीं १६८ कुटुंबें दारिद्र्यरेषेखालीं असल्याची नोंद आहे.

१९८९ सालीं उच्चशिक्षण घेतलेले तरुण पोपटराव पवार गांवचे सरपंच झाले. पुढें राज्याच्या आदर्श गांव योजनेंत १९९४ सालीं गांवाचा समावेश झाला. रोजगार हमीचा पैसा, वनखात्याची जमीन, योजनेचा निधि आणि गांवकऱ्यांचें श्रमदान असा चार गोष्टींचा मेळ बसला. पहिल्या तीन गोष्टी बाहेरच्या वर्तुळांतून आल्या, चौथी गांवानें दिली. बाहेरची मदत पुष्कळ गांवांना मिळते. येथें ती आंतल्या श्रमाला येऊन मिळाली, म्हणून टिकली.

कामाचा क्रम माथ्यापासून पायथ्याकडे असा होता. डोंगरउतारावर एकाच पातळींत आडवे चर खणले. उतारावरून धांवत येणारें पाणी चरांत थांबे. तो भरला कीं खालच्या चरांत जाई. चराच्या कडेला गवत उगवे, झाड लागे, माती धरून राही. चरांतून निसटलेलें पाणी घळींतील दगडी बांधाशीं अडे, तेथून सुटलेलें नाल्यावरील मातीच्या बांधाशीं, आणि राहिलेलें पाझर तलावांत जाऊन मुरे. पायथ्याचा तलाव आधीं बांधला असता तर डोंगरावरच्या मातीनें तो थोड्याच पावसाळ्यांत भरून गेला असता. वरच्या असंख्य लहान चरांनीं खालच्या मोठ्या तलावाचें आयुष्य वाढविलें. लहान मोठ्याच्या पोटांत असतें खरें. पण मोठें लहानाच्या आधारावर जगतें, हें या डोंगरावर उभें राहिलें म्हणजे नुसत्या डोळ्यांनीं दिसतें.

शाळामास्तराला गणित मांडल्यावांचून चैन पडत नाहीं, तेव्हां थोडी मोकळीक द्यावी. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. एका हेक्टरवर दहा हजार लिटर. या हिशेबानें ९७६ हेक्टरांवर ४०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारें ३९० कोटि लिटर पाणी. आंकडा मोठा दिसतो. पण त्यांतलें बरेंच ऊन पिऊन टाकतें, कांहीं वाहून जातें, आणि उरेल तेवढेंच जमिनींत मुरतें. त्या उरलेल्याचा ताळेबंद मांडावयास हिवरे बाजारनें २००४ च्या सुमारास आरंभ केला. पावसाळा सरला कीं ग्रामसभेपुढें हिशेब येतो. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी काय, माणसांना व जनावरांना वर्षभर किती लागेल, पुढल्या सालासाठीं काय राखावें, आणि राहिलेल्या पाण्यांत कोणतें पीक बसेल. ज्या वर्षीं पाऊस कमी, त्या वर्षीं पिकांना कात्री. घरचा खर्च मिळकतीच्या आंत बसवावा हें आपण प्रत्येक गृहिणीकडून ऐकतों. सबंध गांवानें आपलें पीक पाण्याच्या आंत बसवावें, ही गोष्ट नवी होती.

या हिशेबाच्या पाठीशीं नियम होते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान हीं पांच सूत्रें. शिवाय शेतीसाठीं कूपनलिका खणावयाची नाहीं, आणि ऊस-केळीं यांसारखीं फार पाणी पिणारीं पिकें घ्यावयाचीं नाहींत. कूपनलिकेच्या बंदीचें मर्म समजून घेण्यासारखें आहे. उघडी विहीर वरच्या थरांत मुरलेलें पाणी घेते, आणि तें किती उरलें हें वांकून पाहिलें कीं दिसतें. खोल कूपनलिका कातळांतील पाणी ओढते. तें कधीं सांठलें आणि कोणाच्या शिवाराखालून आलें हें कोणासच दिसत नाहीं. जें दिसत नाहीं त्याचा हिशेब ग्रामसभा कसा मांडणार?

आतां डॉ. आंबेडकरांनीं दिलेली आठवण पुढें येते. गांव सुधारलें, पण गांवाच्या आंतील दुबळ्याचें काय? चराईबंदीचा पहिला भार पडतो तो ज्याला जमीन नाहीं आणि चार शेळ्यांवर ज्याचा संसार चालतो त्याच्यावर. म्हणून तेथें गवत कापून नेण्याची मोकळीक ठेवली. मोकाट जनावर मात्र डोंगरावर सोडावयाचें नाहीं. गांवांतील एकुलत्या एका मुसलमान कुटुंबासाठीं गांवानें मशीद बांधून दिली, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे. शंभरांवर घरांच्या पोटांत असलेल्या एका घराला मोठ्यानें जागा दिली, याचें मोल मला चरांइतकेंच वाटतें. पण एक अडचण राहतेच. विहीर जमिनीबरोबर जाते, आणि मुरलेलें पाणी आधीं जमीनवाल्याच्या उपयोगीं पडतें. मजुराकडे तें मजुरीच्या वाटेनें पोंचतें. पाणलोटाचीं कामें जेथें जेथें झालीं तेथें तेथें हा प्रश्न उभा राहिला आहे. साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनें पाण्याचा वाटा जमिनीवर न धरतां घरांतील माणसांवर धरला आणि भूमिहीनालाहि त्यांत हक्क दिला. तें उत्तर पन्नास वर्षांपूर्वीं दिलेलें आहे. आपण तें फारसें गिरविलें नाहीं, एवढेंच.

गांवाच्या आंत पाहून झाल्यावर गांवाच्या बाहेरहि पाहिलें पाहिजे. वरच्या गांवानें पाणी अडविलें तर खालच्या गांवानें काय करावें? पाणी अडवून मुरविलें तर त्यांतला कांहीं भाग जमिनींतून हळूहळू झिरपत जातो आणि पावसाळ्यानंतरहि खालचा ओढा वाहता ठेवतो. पण वरच्यानें तें सर्व उपसून उसाला घातलें तर खालच्याच्या वांट्याला कोरडें पात्र येतें. म्हणून ऊस न लावण्याचा नियम वरकरणीं गांवापुरता असला तरी त्याचा लाभ शेजाऱ्यापर्यंत जातो. लहान वर्तुळांतला संयम हाच मोठ्या वर्तुळांतला न्याय होतो.

हा संयम जेथें नसतो तेथें कज्जे सुरू होतात. १९७६ सालीं गोदावरीवर पैठणजवळ जायकवाडीचें धरण पुरें झालें. वरच्या अंगाला नगर-नाशिक, खालच्या अंगाला मराठवाडा. २००५ सालीं राज्यानें जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि एका खोऱ्यांतील टंचाई वरच्यांनीं व खालच्यांनीं मिळून सोसावी असें तत्त्व घातलें. त्याप्रमाणें २०१८ व २०२३ सालीं वरच्या धरणांतून जायकवाडींत पाणी सोडण्यांत आलें, तेव्हां वरच्या भागांत विरोध झाला. दोन्हीकडे शेतकरीच, दोन्हीकडे मराठी माणसेंच, आणि नदीहि एकच. तरी प्रत्येक जण आपल्या जिल्ह्याचा पत्ता सांगत होता. नदीचा पत्ता कोणी सांगत नव्हता.

अमेरिकेंतील विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीं निरनिराळ्या देशांतील सामाईक कुरणें, जंगलें व पाटबंधारे यांचा अभ्यास करून १९९० सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. २००९ सालीं त्यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. शेंकडों वर्षें टिकलेल्या सामाईक व्यवस्थांचीं जीं लक्षणें त्यांनीं सांगितलीं त्यांत दोन आपल्या विषयाचीं आहेत. मोठ्या व्यवस्थेच्या पोटांत लहान लहान व्यवस्था एकांत एक बसविलेल्या असाव्या. आणि आपले नियम आपण करण्याचा लहानाचा हक्क वरच्यानें मान्य करावा. हिवरे बाजारच्या ग्रामसभेनें पिकाचा नियम केला तो वरून आलेला हुकूम नव्हता, म्हणून लोकांनीं तो पाळला. पण एकट्या गांवाचा नियम खोऱ्याला पुरत नाहीं. त्याच ओढ्यावरच्या खालच्या गांवाशीं, पुढें त्या नदीवरच्या सर्व गांवांशीं तो जोडला गेला पाहिजे. ती वरची पायरी अजून आपण नीट घातलेली नाहीं.

पोपटराव पवार यांना २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली आणि गांवाचें नांव देशभर झालें. लोक गाड्या करून तें पाहावयास जातात, चर पाहतात, झाडें पाहतात आणि परत येतात. त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी असें मला वाटतें: आपण कशाच्या पोटांत आहों आणि आपल्या पोटांत कोण आहे, हे दोन्ही प्रश्न त्या गांवानें एकाच वेळीं स्वतःला विचारले.

मला पुन्हां वर्गापुढें उभें राहावयास मिळालें तर मी मुलांना पत्त्याखालीं एक ओळ अधिक लिहावयास सांगेन. तुझ्या अंगणांतलें पाणी कोणत्या ओढ्याला जातें, तो ओढा कोणत्या नदीला, आणि त्या नदीवर तुझ्या खालीं पहिलें गांव कोणतें? शहरांतील श्रोत्यांनाहि हाच प्रश्न आहे. आपल्या नळाला कोणत्या नदीचें पाणी येतें, आणि आपलें सांडपाणी कोणाच्या पाणवठ्यावर जातें? टपालखात्याला या ओळीचा कांहीं उपयोग नाहीं. आपल्याला आहे. आज रात्रीं जेवतांना घरांतील मुलांना हें विचारून पाहावें. आणि उत्तर वडील माणसांनाच आलें नाहीं तर लाजूं नये, नकाशा काढून सर्वांनीं मिळून शोधावें.